आत्याचा पाऊण फेरा

१० जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार नंतर करते, आधी रडून घेते.

आठवीच्या वर्गाला या आठवड्यात भूमितीतलं परिवलन शिकवायला घेतलं. परिवलन म्हणजे आकृती एका जागच्या बिंदूभोवती फिरवायची, बाकी काही नाही. मी फळ्यावर एक त्रिकोण काढला, तो फिरवून शेजारी दुसरा काढला, बाणबिण काढले आणि मोठ्या समाधानाने वळून पाहिलं, तर सगळा वर्ग तोंडात मारल्यासारखा बसलेला. शेवटच्या बाकावर एक मुलगी आहे. तिला सगळ्याजणी शंकेखोर म्हणतात आणि तीही स्वतःची ओळख तशीच करून देते. ती उभी राहिली आणि म्हणाली की बाई, त्रिकोण होता तिथे बरा होता, त्याला कशाला फिरवलंत. वर्ग खो खो हसला. तेवढ्यात मुख्याध्यापिका दारातून डोकावून गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं न बोलणं चांगलं लांबवर ऐकू येतं.

तर मला रोजच्या जगण्यातली उदाहरणं हवी आहेत. पुस्तकातली नकोत, पुस्तकात घड्याळ आणि चाक याशिवाय काही फिरतच नाही. तुझ्यासारखी दिवसभर काही ना काही फिरवत बसणारी बाई माझ्या ओळखीत दुसरी नाही. सकाळपासून झोपेपर्यंत तू काय काय फिरवतेस ते आठवून लिही. फोनवर सांगू नकोस, फोनवर तू बोलता बोलता शेजारणीच्या सुनेवर घसरतेस.

तुझीच,
भिंगरी
(हे तू ठेवलेलं नाव माझ्या वर्गाला कधीही कळता कामा नये.)


१७ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद घे आणि नाक पूस.

सकाळी उठले की पहिला नळ फिरवते. मग गॅसचं बटण, डब्याचं झाकण, कुलपातली किल्ली, दाराची मूठ. रोपवाटिकेत गेलं की पाण्याचा व्हॉल्व्ह. तो असा घट्ट झालाय की तो फिरतो की मी फिरते हे सांगता येत नाही. कुंड्या रोज थोड्या थोड्या फिरवाव्या लागतात, नाहीतर रोपं उजेडाकडे मान टाकून वाकडी वाढतात. टेबलाचा खण ओढते, पडदा सारते. आणि तुझे आतोबा झोपेत कूस बदलतात तेव्हा पांघरूणही त्यांच्याबरोबर जातं, तेही लिहून घे.

आता खरी गोष्ट सांगते, पोटात ठेव. मी गाडी शिकतेय.

यांच्या डोळ्यांचं तुला माहीतच आहे. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केल्यापासून रोपवाटिकेची व्हॅन अंगणात उभी आहे आणि रोपं भाड्याच्या टेम्पोने जातात. मार्च संपला की व्हॅन कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला द्यायची असं यांनी ठरवलंय. मला विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला माझ्याजवळ कारण नव्हतं. पण भिंगरे, त्या व्हॅनमध्ये यांच्या शेजारी बसून माझा अर्धा जन्म गेलाय. ती दुसऱ्याच्या दारात सिमेंटची पोती वाहताना मला बघवणार नाही. त्याआधी मला लायसन्स हवं आहे.

एकदा परीक्षा देऊन झाली आणि नापासही होऊन झालं. सरळ रस्त्यावर मी राणी असते. वळण आलं की हात एकीकडे आणि डोकं दुसरीकडे. शिकवणारे मास्तर म्हणतात, पी हळद आणि हो गोरी असं यात नसतं. यांना यातलं काही ठाऊक नाही, मी शिवणाच्या क्लासला जाते असं सांगून ठेवलंय. म्हणून मलाही फोन नकोच आहे. फोन बैठकीच्या खोलीत, आणि यांचे डोळे मंदावले तसे कान दुप्पट झालेत. पत्र मात्र यांना वाचता येत नाही.

तू वळण्याफिरण्याची बाई आहेस, तर मला वळायला शिकव. उदाहरणांची फी समज.

तुझी आत्या


२३ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र स्टाफरूममध्ये उघडलं आणि मी खुर्चीवरून उठून टुणकन उडीच मारली. चित्रकलेच्या बाईंचा चहा सांडला. त्यांना वाटलं, माझं लग्न ठरलं.

आधी हिशेब. खण आणि पडदा परत पाठवते आहे, कारण ते सरकतात, फिरत नाहीत. फिरायला तीन गोष्टी लागतात: केंद्र, कोन आणि दिशा. कशाभोवती फिरायचं, किती फिरायचं आणि घड्याळाच्या काट्यांसारखं की उलट. खणाला केंद्रच नसतं बिचाऱ्याला. पण दाराने मात्र कमाल केली. मी वर्गाच्या दाराच्या खालच्या कडेला दोन खडू बांधले, एक बिजागरीजवळ आणि एक मुठीच्या बाजूला, आणि दार उघडलं. मुठीकडच्या खडूने जमिनीवर ही मोठी कमान काढली, बिजागरीकडच्याने जेमतेम नखाएवढी. दार एकच, कोन एकच, तरी एक खडू गावभर हिंडून आला आणि दुसरा घरीच बसला. पोरी इतक्या खूश झाल्या की दार उघडायला रांग लागली. कुंड्याही आवडल्या. कुंडी फिरवली तरी तशीच दिसते, पण तिच्यातलं कललेलं रोप चुगली करतं की मला कुणीतरी फिरवलंय.

आता तुझी शिकवणी. तुझी चूक मला इथे बसून दिसतेय. वळताना तू दहा ठिकाणी बघत असणार, हात, चाक, आरसा, मास्तरांचं तोंड. परिवलनात एकच गोष्ट जागची हलत नाही, ती म्हणजे केंद्र. मी मुलींना सांगते तेच तुला सांगते: आधी केंद्र शोध, आणि वळण पूर्ण होईपर्यंत त्याच्यावरची नजर हलवू नकोस. बाकी सगळं आपोआप जुळून येतं. भूमिती कधी दगा देत नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी हे वाक्य तीन वेळा म्हण. आतोबांना नमस्कार, आणि तुझ्या शिवणकामाला शुभेच्छा.

तुझी विद्वान,
भिंगरी


११ फेब्रुवारी

उंटावरच्या शहाणीस,

आशीर्वाद आहेत, पण आज ते जपून वापर.

परवा परीक्षा झाली. सगळं छान चाललं होतं. परीक्षक गृहस्थ बुटके, अंगात स्वेटर, मांडीवर पाटी. गियर बरोबर, आरसा बरोबर, वाटेत एका कुत्र्याला मी इतक्या अदबीने वाट दिली की ते खाली बघून हसले. मग गोल चौक आला. मधे गोल बेट, बेटाच्या मधोमध दिव्याचा खांब, भोवती चार रस्ते. ते म्हणाले, तिसऱ्या रस्त्याने बाहेर पडा. मी मनात तीनदा म्हटलं, केंद्र शोध. केंद्र लगेच सापडलं, चांगलं उंच होतं, वर दिवाही होता. मी खांबावर नजर रोवली आणि वळले.

भिंगरे, असं सुरेख वळण मी आयुष्यात घेतलं नव्हतं. चाक हातात लोण्यासारखं फिरत होतं. खांबापासून गाडी बोटभरसुद्धा आत नाही की बाहेर नाही. अडचण एवढीच की खांबाकडे बघताना रस्ते दिसत नव्हते. परीक्षक म्हणाले, हा बघा तिसरा. मी बघेपर्यंत तो गेला. म्हटलं, पुढच्या फेरीला घेते. पुढच्या फेरीलाही खांबच दिसला. मग ते नुसते "आता, आता" म्हणत राहिले आणि मी नुसती फिरत राहिले. चौकातल्या वाहतूक पोलिसाने आधी शिट्टी वाजवली, मग हात वर केले, मग तो फुटपाथवर जाऊन उभा राहिला आणि आम्ही समोरून गेलो की मान हलवून ओळख देऊ लागला. शेवटी पेट्रोलचा दिवा लागला तेव्हा माझं लक्ष खांबावरून उडालं आणि आम्ही जो दिसला त्या रस्त्याने बाहेर पडलो.

परीक्षकांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून दाराला धरून थोडा वेळ उभे राहिले, त्यांना गरगरत होतं. मग म्हणाले, "बाई, तुमचा गोल अगदी बिनचूक होता. पण मला पास करायचा आहे तो रस्ता." आणि नापास लिहिलं.

घरी येऊन मी न्हाणीघरात दार लावून हसले. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. मार्चअखेरच्या आत आणखी एकदाच परीक्षा देता येते, आणि मला वाटतं आता नको. जाऊ दे ती व्हॅन. या वयात नसते उद्योग. त्यात यांनी आज विचारलं की शिवणाचा क्लास इतके दिवस चाललाय, एखादं शिवलेलं हातात तरी दे. मी बाजारातून तयार उशीचा अभ्रा आणला, चिकटवलेली चिठ्ठी काढली आणि यांच्या हातात ठेवला. यांनी शिवणीवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, हात चांगला बसलाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझी
(गोल गोल) आत्या


१७ फेब्रुवारी

प्रिय प्रिय आत्या,

कान धरून उभी आहे. चूक सोळा आणे माझी. मला साधी सायकलसुद्धा धड चालवता येत नाही आणि मी निघाले होते गाडी शिकवायला.

आणि आता ओरडणारच आहेस तर एकदमच ओरड. तुझी पत्रं मी वर्गात वाचून दाखवते. पहिलं उदाहरणांसाठी वाचलं, गाडीचा भाग गाळणार होते, पण पोरी ऐकेनात. तेव्हापासून मला सगळा वर्ग भिंगरीबाई म्हणतो. गोल चौकाचं पत्र वाचताना मुरकुंडी वळून दोघी बाकाखाली गेल्या. पण शेवटचा परिच्छेद आला, तू आता नको म्हणतेस तो, आणि वर्गात असं शांत झालं की मला पुढे वाचवेना. मग शंकेखोर उठली. म्हणाली, "बाई, चूक आत्याआजींची नाही, तुमची आहे. केंद्राकडे बघायचं ते कागदावर फिरवणाऱ्याने. जो स्वतः फिरतोय त्याने कोन बघायचा."

आत्या, अकरा वर्षं शिकवून मला कळलं नव्हतं ते हे आहे. मी तास सोडून सगळ्यांना मैदानात नेलं. खडूने मोठं वर्तुळ काढलं, चार रस्ते काढले, मधे कचऱ्याची बादली उलटी ठेवली. एकेक मुलगी गाडी झाली. बादलीकडे बघत जी गेली ती तुझ्यासारखी फिरतच राहिली, तिला ओढून काढावं लागलं. मग शंकेखोरने फर्मान काढलं की शिरल्यापासून मोजायचं. पहिला रस्ता पाव फेरा, समोरचा अर्धा, तिसरा पाऊण. पाव, अर्धा, पाऊण असं मोठ्याने म्हणत जायचं आणि नजर पुढच्या रस्त्यावर ठेवायची. एकही चुकली नाही. नंतर मात्र सगळ्याच एकदम गाड्या झाल्या आणि मैदानात जी काही गर्दी उसळली ती सांगत नाही. दोघी भोवळ येऊन गवतावर पडल्या आणि पडल्या पडल्या पाऊण, पाऊण ओरडत होत्या.

मुख्याध्यापिका आल्या तेव्हा मी बादलीवर उभी राहून वाहतूक पोलीस झाले होते. त्यांनी विचारलं, हे काय आहे. शंकेखोरने सांगितलं की एका बाईंची परीक्षा आहे आणि आम्ही अभ्यास करतोय. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, पुसला, आणि साडीचा पदर खोचून स्वतः एकदा फेरा मारून पाहिला. अर्ध्यावर बाहेर पडायचं होतं, त्या पाऊणवर पडल्या. पोरींनी त्यांना पुन्हा फिरायला लावलं.

तर वर्गाचा निरोप असा की तू नाही म्हणायचं नाही. माझ्यासाठी नको, या वेड्यांसाठी जा.

तुझी अपराधी,
भिंगरीबाई


२८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

सगळ्या वर्गासमोर माझं न्हाणीघरातलं रडणं वाचून दाखवलंस. तुझ्या आईला कळवणार होते, पण मग गाडीचंही सांगावं लागेल, म्हणून वाचलीस.

मी पुन्हा नाव घातलंय, बारा मार्चला परीक्षा आहे. पोरींना सांग, पण नवस बोलल्यासारखं तोंड करून बसू नका म्हणावं. सराव जोरात चाललाय. रोपवाटिकेत मोठी कुंडी मधे ठेवून हातात परात धरून मी तिच्याभोवती जाते आणि पाव, अर्धा, पाऊण म्हणते. परवा एक गिऱ्हाईक कुंपणाशी उभं राहून बराच वेळ बघत होतं आणि काही न घेता गेलं. जेवताना ताट फिरवते, हात पाऊणवर आला की थांबवते. काल हे म्हणाले, ताटात काही पडलंय का. दुपारी हे झोपले की अंगणातल्या व्हॅनमध्ये नुसती बसून चाक धरते, ते तर पहिल्यापासूनच चालू आहे. हार्डवेअरवाला मात्र रोज येता-जाता तिच्या टायरला पाय मारून बघतो. त्याचा पाय मला माझ्या पोटात लागतो.

घाबरले आहे गं.

आत्या


१५ मार्च

आत्या,

बारा तारीख होऊन गेली. तुझं पत्र नाही. पोस्टमनकाका शाळेच्या फाटकाशी आले की आठवीच्या खिडक्या डोक्यांनी भरतात. कालपासून ते लांबूनच नाही नाही असा हात हलवतात. शंकेखोरला आता शंका येत नाही, ती गप्प बसते आणि ते जास्त वाईट आहे. परिवलनाची चाचणी झाली, सगळ्यांना भरघोस गुण पडले आणि कुणालाही आनंद झाला नाही.

जमलं नसेल तरी लिही. एक ओळ लिही.

भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरी आणि आठवीच्या सगळ्या भिंगऱ्यांनो,

पास झाले.

उशीर झाला कारण हात रिकामे नव्हते, का ते सांगते. परीक्षक तेच निघाले. मला बघून त्यांनी स्वेटरची बटणं लावली आणि देवाचं नाव घेतलं. गोल चौक आला. ते म्हणाले, तिसरा रस्ता, आणि डोळे मिटून घेतले. मी मोठ्याने पाव म्हटलं, अर्धा म्हटलं, पाऊण म्हटलं आणि बाहेर पडले. त्यांनी डोळे उघडले तर आपण भलत्याच रस्त्यावर, म्हणजे बरोबर रस्त्यावर. विचारलं, हे काय म्हणत होतात. मी म्हटलं, भूमिती. तो पोलीस मात्र हिरमुसला, त्याने ओळखीने मान हलवायची तयारी केली होती.

घरी आले. सगळा रस्ता कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. हे अंगणात, व्हॅनच्या दारात उभे. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "झाली का पास?"

मी मटकन पायरीवर बसले. हे म्हणाले की डोळे गेलेत, अक्कल नाही. रोज संध्याकाळी हे व्हॅनमध्ये जाऊन थोडा वेळ बसतात, ते मला माहीत नव्हतं. जानेवारीपासून सीट पुढे सरकलेली सापडायला लागली. यांचे गुडघे चाकाला लागायचे. आपल्या घरात एवढ्या आखूड पायांचं दुसरं कोण आहे, असं विचारतात. हार्डवेअरवाल्याला यांनी आठवड्यापूर्वीच सांगून टाकलं होतं की गाडी विकायची नाही, बायको चालवणार आहे. मी म्हटलं, आणि नापास झाले असते तर. तर म्हणाले, पुढच्या वर्षी पास झाली असतीस.

लगेच मी यांना घेऊन निघाले. हे शेजारच्या सीटवर, जन्मात पहिल्यांदा, हात कुठे ठेवायचे ते यांना कळत नव्हतं. गोल चौक आला. मी पाव म्हटलं, अर्धा म्हटलं. हे म्हणाले, घाई काय आहे, पूर्ण मार. मग यांनी विचारलं की मधल्या बेटात काय फुललंय. त्या बेटातली सगळी झाडं आमच्याच रोपवाटिकेतून गेली आहेत, यांनी स्वतः लावली होती. मी म्हटलं, मला बघता येत नाही, मी रस्ता बघतेय. हे म्हणाले, मग मी सांगतो. आणि यांनी कडेच्या झेंडूपासून सुरुवात केली, मग सदाफुली, मग लिली, कोणती ओळ कुणाशेजारी, कोणत्या वर्षी कोणतं रोप जळलं आणि तिथे नवीन काय लावलं. मी रस्ता बघत फिरत होते आणि यांच्या तोंडून मला सगळं बेट दिसत होतं. एका फेऱ्यात संपेना म्हणून आणखी एक मारला. मग आणखी एक. पोलिसाचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू.

तेव्हापासून रोज जातो. म्हणून पत्राला उशीर.

तुमच्या पुस्तकात म्हणे असं आहे की पूर्ण फेरा मारला की आकृती होती तिथे, होती तशीच येते, जणू फिरलीच नाही. ज्याने ते लिहिलं त्याला त्याच्या बायकोने कधी गाडीतून फिरवलं नसणार. आम्ही दोघं काही होतो तसे घरी परत आलो नाही.

तुम्हा सगळ्यांची,
आत्याआजी